उभ्या गाडीचा ताप

प्रकाशा गावाजवळ तापीच्या काठावर तराफ्याची वाट बघत गाडी उभी होती आणि रेडिएटरचं पाणी पुन्हा उकळायला लागलं होतं. नदीवर तेव्हा पूल नव्हता. मागच्या सीटवर टपालाची थैली. ती नंदुरबारला रेल्वेच्या वेळेत पोचली नाही, तर टपालाचं कंत्राट जाणार होतं. आधी दोनदा रेल्वे चुकली होती. म्हणून चंपालाल सेठनी त्या दिवशी मला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून पाठवलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. शहाद्यात माझं लहानसं वर्कशॉप होतं. सेठचं किराणाचं दुकान आणि ही एक टूरिंग मोटर. ड्रायव्हर सुपडू, चाळिशीचा, कमी बोलणारा.

गाडी पळताना काही त्रास नव्हता. उभी राहिली की तापायची. असं झालं की मिस्तरी आधी हवेकडे बघतो. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. मी पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटरच्या जाळीत जिनिंग कारखान्यातला कापूस अडकला होता, तो काढला. धुण्याचा सोडा घालून आतला क्षार धुतला. पाण्याचे पाइप नवे टाकले. पंप उघडून पाहिला. प्रत्येक वेळी सेठला सांगितलं, झालं. प्रत्येक वेळी गाडी काठावर उकळली.

"मिस्तरी, तुमच्याच्यानं होणार नसेल तर सांगा," सेठ म्हणाले होते. "मी धुळ्याचा माणूस आणतो."

मला झोप लागेनाशी झाली होती. उघडायचं काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी काठावर मी बॉनेटला हात लावला नाही. नुसता बसून राहिलो. तेव्हा सुपडूचा हात दिसला. स्टीअरिंगखाली दोन दांडे असायचे. एक पेट्रोलचा, दुसरा ठिणगीचा. गाडी थांबल्याबरोबर त्यानं ठिणगीचा दांडा पार मागे ओढला होता.

हे जरा सांगायला हवं. पेट्रोल पेटवणारी ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडता येते. हँडल मारून गाडी सुरू करताना दांडा मागे ओढून ती उशिरा पाडायची, नाहीतर हँडल उलटं फिरून हात मोडतो. इंजिन सुरू झालं की दांडा पुढे घ्यायचा. तसाच मागे ठेवला, तर जाळाची ताकद गाडीला मिळत नाही. सगळी उष्णता इंजिनाच्या अंगात मुरते. उभ्या गाडीला तर वाराही नाही.

"सुपडू, दांडा मागे कशाला?"

दांड्यावरचा हात त्यानं काढला नाही.

"आणि इंजिन बंद का करत नाहीस? तराफा यायला वेळ आहे."

त्यानं उजवी बाही वर सारली. मनगटाचं हाड वाकडं जुळलं होतं.

"हँडल उलटं फिरनं, भाऊ. मन्हा हात मोडना. आते जोर लागस नही. सकाळले दुकानना हमाल हँडल मारी देस. आठे काठवर बंद पडनी तं कोन मारी? आनि पडनीच, मारनंच पडनं, तं दांडा मांगे पाहिजे ना?"

"सेठला माहीत आहे?"

"सांगू नका, भाऊ. माले दुसरं काही येस नही."

मी दांडा पुढे केला. थोड्या वेळानं वाफ कमी झाली. टपाल वेळेवर पोचलं.

शहाद्याला परतल्यावर मी सेठला सांगितलं की इंजिन धड आहे. गाडी काठावर बंद ठेवावी, सोबत हँडल मारायला एक माणूस द्यावा.

"सुपडू आहे ना?"

मी हातातलं फडकं झटकू लागलो. सेठनी माझ्याकडे पाहिलं, मग सुपडूला हाक मारली.

"हँडल मार."

दुकानासमोर माणसं जमली. सुपडूनं दांडा मागे ओढला, हँडल धरलं. ते अर्ध्यावर येऊन सुटलं. पुन्हा मारलं, पुन्हा सुटलं. मी पुढे झालो.

"तुम्ही थांबा, मिस्तरी," सेठ म्हणाले.

तिसऱ्यांदा सुपडू गुडघ्यावर बसला आणि त्यानं मनगट पोटाशी धरलं.

"हात कुठे मोडला?"

"याच गाडीनी, सेठ."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतू तं तुमीन काढी टाकतात."

सेठ दुष्ट नव्हते. "काठावर गाडी बंद पडली तर टपालाचं काय करू?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. संध्याकाळी सुपडूनं गाडीची चावी गल्ल्यावर ठेवली.

नवा ड्रायव्हर आला. गाडी परत कधी तापली नाही. सेठ भेटेल त्याला माझं नाव सांगत. तळोद्याहून, खापरहून लोक गाड्या घेऊन माझ्याकडे यायला लागले.

सुपडू जिनिंगमध्ये लागला होता, पण कापसाच्या गासड्या उचलणं त्याला जमेना. नंतर बाजारात त्याची बायको सरपणाचा भारा पुढ्यात घेऊन बसलेली दिसायची. तो शेजारी असायचा. मी रामराम केला की तोही करायचा.

आमच्या धंद्यात कारण सापडलं की काम झालं असं धरतात.