काचेच्या आतला दहावा माणूस

लिफ्टमामांचा धंदा लिफ्ट दुरुस्त करण्याचा, आणि आठवड्यातून एक दिवस मात्र निमूटपणे जिने चढण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायचा, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात गाडी नाही, बटण नाही, आपल्यामुळे एखादं यंत्र सुरू होईल असं काहीही नाही. कंपनी त्यांना गावोगाव फिरवायची. त्यामुळे शुक्रवार जवळ आला, की मामा त्या त्या गावच्या सिनेगॉगपासून, म्हणजे प्रार्थनाघरापासून, पायी जाता येईल अशी खोली हुडकायला लागत.

फोनवरची त्यांची चौकशी ऐकून बायको पोट धरून हसायची.

"लिफ्ट आहे साहेब, एकदम नवी!"

"ती राहू द्या हो. जिना आहे का?"

"खोलीत पाऊल टाकलं की दिवे आपोआप लागतात!"

"अरेरे," मामा हळहळत. "साध्या किल्लीची, साध्या बटणाची एखादी नाही का?"

नकाशावर तर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. एका नकाशाने अंतर चारशे मीटर सांगितलं आणि मधली नदी सांगितलीच नाही. ही गोष्ट मामांनी भेटेल त्याला ऐकवली होती. तेव्हापासून ते शुक्रवारी दुपारी स्वतः चालून पावलं मोजत.

यंदा अशाच एका गावच्या सिनेगॉगमधल्या, जुन्या ओळखीच्या घड्याळवाल्या आजोबांचा फोन आला. वय अठ्ठ्याऐंशी, पण दुकान अजून स्वतः उघडतात.

"शनिवारी हिला जाऊन वर्ष होतंय रे. तिच्यासाठी प्रार्थना म्हणायचीय, त्याला दहा पुरुष लागतात, आणि आम्ही नऊच उरलोय. तू ये."

"येतोच. नाही जमलं तर पुढच्या वर्षी..." मामा सवयीने बोलून गेले.

"पुढच्या वर्षाचं मी काय सांगू?" आजोबा म्हणाले, आणि मामांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यांनी त्याच गावातलं काम मागून घेतलं. पण त्या आठवड्यात तिथे दातांच्या डॉक्टरांचं संमेलन होतं. गावभर एक खोली मोकळी नव्हती. शेवटी मामांनी ज्या हॉटेलची लिफ्ट गुरुवारी दुरुस्त केली, त्याच्या मॅनेजरने त्यांना सातव्या मजल्यावर एक खोली दिली. सिनेगॉगपासून सहाशे चाळीस पावलं! जिना होता, किल्ली होती, दिव्याला बटण होतं. मामांनी खूश होऊन खोलीतल्या खोलीत एक गिरकी घेतली. अवजारांची पेटी घेऊन ते पहिल्यापासून मागच्या दारानेच ये-जा करत होते, शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेलासुद्धा तिथूनच जाऊन आले. पुढचं दार कसलं आहे, हे पाहायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी आठला कडक इस्त्रीचा शर्ट घालून मामा सात मजले उतरले. मागच्या दाराला कुलूप होतं. शेजारी पाटी: शनिवार-रविवार बंद.

पुढच्या दाराशी आले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. सरकती काच, वर लाल डोळा. दोन पावलं पुढे टाकली की दार आपोआप उघडणार, म्हणजे मामाच ते उघडणार. असली पन्नास दारं त्यांनी स्वतः बसवली होती. डोळ्याला कुठवर दिसतं हे त्यांना इंचाइंचाने ठाऊक होतं, त्यामुळे ते बरोब्बर त्याच्या अलीकडे उभे राहिले.

आता कोणीतरी आपल्या कामासाठी बाहेर पडेल, की त्याच्या मागून सुटायचं. पण डॉक्टर मंडळी रात्री नाचून गाढ झोपली होती. उरली काउंटरवरची मुलगी. पण शब्बाथला दुसऱ्याला सांगून काम करवून घेणंही चालत नाही, म्हणून तिला सरळ दार उघड म्हणणं मामांना पटेना. सुचवायला काय हरकत आहे?

"बाहेर हवा छान असेल, नाही?"

"हो, छानच आहे."

"आत जरा कोंदटच वाटतंय."

"एसी वाढवू का, काका?"

"नको नको!" मामा ओरडलेच.

साडेआठ झाले. नऊ झाले. मामांचा जीव टांगणीला लागला. आजोबा दाराकडे डोळे लावून बसले असतील, या विचाराने त्यांना रडू यायला लागलं.

आणि तेवढ्यात काचेपलीकडे, रस्त्याच्या वळणावर, एकामागून एक नऊ म्हातारे उगवले. कधी उशीर न करणारा माणूस आला नाही, म्हणून सगळे त्याला शोधत निघाले होते. सर्वांत पुढे आजोबा, प्रार्थना म्हणवणाऱ्या हज्जनांचा दंड धरून. दाराजवळ येताच वरचा लाल डोळा पाहून नऊच्या नऊ जागच्या जागी थबकले. आत एक, बाहेर नऊ, आणि पाऊल पुढे टाकायला कोणीच तयार नाही. आधी आजोबांना हसू फुटलं, मग बाकीचे सुटले.

"एकमेकांची तोंडं दिसतायत ना? आवाज येतोय ना?" हज्जन काचेतून ओरडले. "मग झाले दहा!"

"मध्ये काच आहे!" मागून एकाने शंका काढली.

"आरपार दिसतंय की!"

पुस्तकं कोणी बरोबर आणली नव्हती, पण आजोबांना सगळं तोंडपाठ होतं. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत त्यांनी फुटपाथवर प्रार्थना सुरू केली. मधेच आवाज कापला, तेव्हा कोणीच हसलं नाही. मामांनी आतून 'आमेन' असं ठणकावलं, की काउंटरवरची मुलगी दचकून उभी राहिली.

प्रार्थना संपली आणि पळायचे बूट घातलेला एक डॉक्टर जांभई देत जिन्यावरून आला. दार उघडलं. त्याच्या मागोमाग मामा बाहेर सुसाट सुटले ते थेट आजोबांच्या गळ्यात.

"सहाशे चाळीस म्हणाला होतास," आजोबा धापा टाकत म्हणाले. "माझी अकराशे बारा भरली."

"दमलात ना?"

"दमलो की! पण येता येतं, हे कळलं." त्यांनी मामांची कॉलर नीट केली. "पुढच्या वर्षी तू धावपळ करू नकोस. मिळेल तिथे उतर, हिच्यासाठी मी येईन तिथवर. मध्ये नदी तेवढी नको."