पितृपक्षात घेतलेलं नाव

ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा बारा बायकांसमोर बोलून माझं तोंड चांगलं पोळलंय.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायचो. मी लग्नाची रुखवतं करून द्यायचे. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, खारकांचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन. माझी नणंद दुबईला. तिनं फोनवर सांगितलं, "वहिनी, वेबसाइट काढ. इथल्या बायका रुखवतासाठी जीव टाकतात." बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून वेबसाइटचं नावही तिनंच सुचवलं. काय फक्कड नाव! सायबर कॅफेत जाऊन पाहिलं तर कुणीच घेतलेलं नव्हतं. पैसे न्यायला घरी आले आणि सासूबाई आडव्या आल्या.

"अगो, पितृपक्ष लागलाय. नवीन काय घरात आणायचं नाय. घट बसले की घे."

"आई, ते घरात नसतं. इंटरनेटवर असतं."

"असू दे. पैसे तर घरातनंच जातात ना?"

रत्नागिरीच्या माणसाशी वाद घालून कुणी जिंकलंय? कोपऱ्यात सासरे पेपर वाचत होते. सरकारी कचेरीत कारकून होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी हळूच विचारलं, "दुसऱ्या कुणी घेतलं तर?"

"तुमच्या सुनेच्या सुपाऱ्यांवर कोण टपून बसलंय?" सासूबाई म्हणाल्या. सासरे मुकाट्यानं पुन्हा पेपरात शिरले.

मला कुठला दम धरवतोय! त्याच आठवड्यात सोसायटीच्या भिशीत मी ते नाव सगळ्यांना सांगून मोकळी झाले. तळमजल्यावरच्या पार्लरवालीनं तर स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं.

चार दिवसांनी सहज कॅफेत डोकावले. नाव गेलेलं! कुणी घेतलं ते शोधायची अक्कल मला तेव्हा नव्हती, मी तिथेच खुर्चीत बसून रडले. धंदा केवढासा, पण लग्नानंतरच्या आठ वर्षांत मी कुणाची सून होते, कुणाची आई होते. माझं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच काहीतरी होतं, आणि तेही कुणीतरी ढापलं.

कुणीतरी कशाला, ती पार्लरवालीच! मी तणतणत तिच्या दारात गेले आणि अख्खा जिना दणाणून सोडला. ती बिचारी हातात दोरा घेऊन उभी. "भाभी, मेरे को तो ईमेल खोलना भी नहीं आता!" मी म्हटलं, "नाटक मत करो." शेजारणी दारं किलकिली करून ऐकत होत्या. सासरे वरच्या पायरीवर पिशवी घेऊन उभे होते, ते तसेच मागे फिरले.

सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवायला ते माझ्याबरोबर आले. कावळ्याची वाट बघताना एकदम म्हणाले, "ते नाव मी घेतलंय."

मी कावळ्याचा नाद सोडून त्यांच्याकडे वळले.

"पंधरा दिवस कोण थांबतंय? तीन वर्षांचं घेऊन टाकलं. हिला सांगू नकोस."

"अहो बाबा, मी चार दिवस धड जेवले नाही!"

"सांगणार होतो गं. पण तुझं ते जिन्यातलं भांडण ऐकलं आणि छातीच झाली नाही."

हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. पार्लरवालीकडे खीर-वडे घेऊन गेले, माफी मागितली. तिनं माफ केलं, पण आयब्रो करताना एखादा केस अजून जरा जास्तच ओढते.

घट बसले. सासऱ्यांनी पावती देवापुढे धरली आणि सासूबाईंनी तिला कुंकू लावलं. तारखेवर सासऱ्यांनी अंगठा दाबून धरला होता.

नाव फळलं. दुबई झाली, मग मस्कत, मग लंडन. सगळी गिऱ्हाइकं त्याच नावावर यायची. तिसऱ्या वर्षी चैत्रात सासरे गेले. मागे त्यांची फाइल राहिली. पहिल्याच पानावर पासवर्ड, आणि खाली लाल शाईत, "मुदतीपूर्वी पंधरा दिवस पैसे भरणे."

मुदत नेमकी पितृपक्षात संपत होती. भरणी श्राद्धाचा दिवस आला तेव्हा मध्ये फक्त एक दिवस उरला होता, आणि त्यांच्या पहिल्याच पक्षात सासूबाईंचा नेम मोडायचा मला धीर होत नव्हता.

गच्चीवर पान ठेवलं. कावळे टाकीवर बसलेले, एकही खाली येईना. सासूबाईंनी हात जोडले. "नातवंडांकडे बघतो आम्ही. माझी काळजी करू नका." कावळे ढिम्म. तासभर ऊन खाल्लं. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"त्यांच्या त्या नावाचे पैसे भरलेस काय?"

"तुम्हाला... कसं माहीत?"

"पावतीवर अंगठा दाबून उभे होते. चाळीस वर्षं संसार केलाय, एवढं कळत नाय मला?"

"पण आई, पितृपक्ष..."

"मग काय झालं? नवीन घेतेयस काय तू? त्यांनी घेतलेलं राखायचंय. जा, पळ!"

मी जिना उतरले, कॉम्प्युटर लावला. पासवर्ड टाकताना दोनदा चुकले, डोळ्यांना दिसतच नव्हतं. पैसे भरले. मालक म्हणून त्यांचंच नाव होतं. ते बदलून माझं करता आलं असतं. तसंच ठेवलं.

धापा टाकत वर गेले. सासूबाई रिकामं पान उचलत होत्या.

"आई, भरले."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "केव्हाच शिवला."