मिरचीच्या कामाला गेलेला माणूस

सर्वपित्री अमावस्येच्या आधीच्या बाजाराची गोष्ट. सेलूला मी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसलो होतो. शाळेतले निवृत्त गुरुजी आले आणि नेहमीसारखे टोचून बोलले, "काऊन बाप्पा, औंदाही मिरची नाई? कसला भाजीवाला तू!"

आमच्या घरी मिरची लावत नाहीत. माझ्या आजोबांचा आजोबा मिरचीच्या कामाला जातो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. बायको-पोराला टाकून पळाला, म्हणून पित्रात त्याचं पानही कोणी वाढत नाही... हे गुरुजींना मी पहिल्यांदाच सांगितलं.

गुरुजी पिशवी ठेवून खाली बसलेच. "अरे, मिरची नसंल ते. मिरीच असंल! मॉरिशसले जुने लोक मिरीच म्हनत."

इंग्रजांनी तिथले गुलाम मोकळे केले म्हणे, आणि उसाच्या मळ्यांत त्यांच्या जागी आपली माणसं नेली. दलाल गावोगाव फिरत, काम जवळच आहे सांगत, कागदावर अंगठा घेत.

मी सातवी शिकलेला माणूस. गुलाम मोकळे केले, तर त्यांच्या जागी नेलेल्यांना काय म्हणायचं?... आणि आमचा माणूस पळाला की नेला? गुरुजी म्हणाले, "पुरावा नाई रे. शब्दावरून म्हनतो मी."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मंग पान वाढाचं का नाई? तेवढं सांगा."

"मले का माहीत? पळाला असंल तं?"

"अन् नेला असंल तं? इतके वर्स उपाशीच ठेवला न आपन त्याले."



अमावस्येला तिने एक पान जास्त मांडलं. खीर वाढू लागली तसा मी घाबरून ओरडलो, "त्याले साखर नोको!"

"मंग गुळाची करू?"

"गूळबी उसाचाच न!"

"पितराले फिकी खीर वाढू का मी?" ती चिडली. पण बिनसाखरेची वाटीभर खीर तिने वेगळी केली. बाजूला मी विकतच्या मिरचीचा ठेचा ठेवला.

हात जोडले, तर नावच माहीत नाही. शेवटी "बाबा, जेवाले या," एवढंच म्हटलं.

बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. गुरुजींचे उपकार मात्र मानतो... आमच्या घरात पिढ्यानपिढ्या त्या गेलेल्या बाबांना 'तो' म्हणायचे. त्या दिवसापासून बायको 'ते' म्हणते.