जामबागचा कॉम्प्युटरवाला

जामबागला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. नाव मी कधी विचारलं नाही. नातू पुण्याला राहायला गेला, त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर घरीच राहिला. तो रिक्षात घालून मी या माणसाकडे नेला. म्हटलं, नवा प्रोसेसर टाका, नातू सुट्टीत आला की नवे गेम खेळेल.

त्यानं झाकण उघडलं, ब्रशनं हळूहळू धूळ झाडली. म्हणाला, "चच्चा, पुराना बी अच्छा चलरा. पैले पोते को फोन करके पूछो, छुट्टी में आरा क्या. फिर डालेंगे."

मी चौथी नापास, पण आजा आहे. फोन नातवानं करावा.

आता रोज भाजीला जाताना तो दुकानातून, काय झालं म्हणून, नुसती हनुवटी उचलतो. मी नाही म्हणून मान हलवतो. नातू येत नाही म्हणाला, असं तो समजतो. मी अजून विचारलेलंच नाही.