न उघडलेलं पॅराशूट

आज सकाळी बिडकीनच्या माळावर आमच्या क्लबने मॉडेल रॉकेट्स उडवली. निवृत्त मेकॅनिक शेख काकांचं हे पहिलंच रॉकेट. तीन महिने खपून त्यांनी ते बनवलं होतं. उड्डाणापूर्वीची तपासणी माझ्याकडे होती.

रात्रभर घडीत राहिलेलं पॅराशूट चिकटतं, म्हणून मैदानावर ते उलगडून, पावडर लावून पुन्हा घडी घालायची असते. रांग मोठी होती. मी न उघडताच यादीत टिक केली.

रॉकेट सरळ वर गेलं. पॅराशूट उघडलंच नाही.

तुकडे गोळा करताना काका म्हणाले, "मीच घडी चुकीची घातली असंल, बेटा. तू तर तपासलं व्हतं."

मी होकारार्थी मान हलवली.

ही पोस्ट त्यांना दिसण्याआधी फोन करायला हवा. पहिलं वाक्य काय बोलू?