बटणावरचा तळहात

धरणाच्या नियंत्रण कक्षात साऱ्या संगणकांना मिळून एकच पडदा आणि एकच कीबोर्ड आहे. त्यांना जोडणारी पेटी सारखी अडायची, म्हणून नंदाताई तिचं सॉफ्टवेअर बदलत होत्या. पडदा काळा झाला. बाहेर पाणी चढत होतं, आणि त्याची पातळी आम्हाला दिसेनाशी झाली.

"आत्ता वीज गेली, तर पेटी कायमची गेली," ताई पुटपुटल्या.

तेवढ्यात शिपाई गणूकाका सवयीने पेटीच्या विजेच्या बटणाकडे वळले. "पडदा बंदच आहे की! वीज कशाला जाळता?"

"काका, हात मागे!" ताईंनी बटण तळहाताखाली झाकलं.

काळोखाला आपण किती चटकन रिकामा म्हणतो! पेटीतून तापलेल्या धुळीचा वास येत होता.

पडदा उजळला. पाणी इशाऱ्याच्या रेषेखालीच होतं. ताईंनी हात उचलला, तेव्हा तळव्यावर बटणाचा चौकोन लालसर उमटला होता.