वजनाचा कप्पा रिकामा होता

२०२३ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. वाळूजच्या कंपनीत मॅनेजर जाधव साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. टेबलावर क्रेनवाल्या सलीमच्या नावाचा मेमो पडला होता. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' म्हणजे त्याची नोकरी गेल्यातच जमा.

"साहेब, हा मेमो खोटा आहे."

"काका, तुम्ही तुमचं डाय स्टोअर बघा."

"तेच बघतोय."

शाळा माझी चौथीपर्यंत. पण पत्रा दाबून गाडीचे दरवाजे बनवायचे लोखंडी साचे, म्हणजे डाय, तीस वर्षं मीच सांभाळतोय. रिटायर झाल्यावरही कंपनीनं सोडलं नाही. प्रत्येक डायचं एक कार्ड, अक्षर माझं. ती कार्डं कॉम्प्युटरात गेली आणि हुकूम निघाला: डाय उचलताना स्क्रीन सांगेल तोच पट्टा क्रेनला लावायचा, डोकं चालवायचं नाही. जांभळा पट्टा एक टनाचा, करडा चार टनांचा. जुन्या गड्याला डाय बघूनच वजन कळायचं, तो स्क्रीनला विचारत नव्हता. सलीम वेल्डिंगमधून नुकताच आलेला. त्यानं हुकूम पाळला.

आदल्या दिवशी स्क्रीननं जांभळा सांगितला. डाय होती पावणेचार टनांची. वीतभर उचलली आणि पट्टा फाटला. सलीमचा पाय डायपासून चार बोटं दूर होता म्हणून वाचला. आणि वर मेमो त्यालाच!

साहेबांनी सॉफ्टवेअरवाल्या प्राजक्ता मॅडमला बोलावलं. ती म्हणाली, "कोड बरोबर आहे. डेटाच चुकीचा आला."

माझं टाळकं सटकलं. "दाखवा कोड."

"काका, तुम्हाला नाही कळायचा."

"कळेस्तोवर इथंच बसतो." मी खुर्ची ओढली.

तिनं दाखवलं. प्रत्येक डायचा एक array, म्हणजे माहितीचा खण. त्यात key, म्हणजे नाव लिहिलेले कप्पे: नंबर, उंची, वजन, रॅक. कोड 'वजन' नावाचा कप्पा उघडतो, आतला आकडा घेतो, पट्टा सांगतो. या डायच्या कप्प्यात आकडाच नव्हता. कोडनं शून्य धरलं. शून्य किलोची डाय!

"मॅडम, आमच्या पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलाय. एकोणीसचा पाना नसला की रिकामी जागा बोंबलून सांगते. तुमचा कोड रिकाम्या जागेलाच पाना समजतो व्हय?"

तिनं स्क्रीनवर त्या डायच्या कार्डाचा फोटो उघडला. "आणि हे काय आहे, काका?"

वजनाच्या जागी दोन बारीक रेघा. माझ्याच. म्हणजे 'वरच्यासारखंच'. उजव्या दरवाजाच्या कार्डामागं डाव्याचं ठेवायचं, वजन पुन्हा लिहायचं नाही, ही माझी रीत. ट्रेमध्ये क्रम असायचा. कॉम्प्युटरात तो मोडला. आता 'वरचं' कार्ड कुठलं, ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

कानशिलं तापली. पण मागं हटलो नाही.

"रेघा माझ्या. मेमो माझ्या नावानं काढा. पण दार तुमचं उघडं होतं. इतक्या वर्षांची ओळख असून गेटवरचा वॉचमन पास बघितल्याबिगर मला आत सोडत नाही. तुम्ही दोन रेघांना सोडलं!"

दाराशी उभा सलीम पुटपुटला, "चाचा, तुम कायकू बीच में पडते?"

"तू गप रे!"

मॅडमनं तिथंच बसून तपासणी लिहिली. आधी सगळे कप्पे आहेत का? मग वजनाच्या कप्प्यात आकडा आहे का? शून्याहून मोठा आहे का? नसला तर पट्ट्याचं नावच द्यायचं नाही. लाल अक्षरात फक्त: उचलू नका. चालवून बघितलं. सदतीस डाय लाल झाल्या.

"अहो, लाईन बंद पडेल!" साहेब ओरडले.

"पडू द्या. पाय तुटण्यापरीस बरं."

साहेबांनी मेमो फाडला. माफी काय मागितली नाही. मीही मागितली नाही. एवढं मात्र कळलं, की आपल्याला माहीत आहे म्हणून जागा रिकामी सोडली, तर तिथं दुसरा काहीही धरतो. माणूस असो नाहीतर मशीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गावाहून, फुलंब्रीहून, पहिली बस पकडली. क्रेनला वजनकाटा अडकवला, सगळ्यात जाड पट्टा लावला, पहिली लाल डाय उचलली. आकडा मी वाचला. माझ्या कार्डांना आजवर दुसऱ्या कुणाचं अक्षर लागलं नव्हतं. त्या सकाळी पेन सलीमच्या हातात दिला.

"लिही. पूर्ण आकडा लिही."